गुरुजी सांगतील तसं

मागच्या श्रावणात आमच्याकडे सत्यनारायण झाला. यजमान मी. पाटावर बसल्यापासून उठेपर्यंतच्या दीड तासात मी स्वतःच्या डोक्याने एकही गोष्ट केली नाही. गुरुजी म्हणाले उजव्या हातात पाणी घ्या, घेतलं. ताम्हनात सोडा, सोडलं. फूल म्हटल्यावर फूल, तुळस म्हटल्यावर तुळस, अक्षता म्हटल्यावर अक्षता. मध्येच गुरुजींचा फोन वाजला. 'हो हो, पाच वाजता सोडतो,' असं ते कोणाला तरी म्हणाले आणि मी 'सोडतो' एवढंच ऐकून पळीभर पाणी सोडलं. शेवटी आलेगेले म्हणाले, पूजा काय छान सांगितली हो गुरुजींनी! पुण्य मात्र माझ्या खात्यात जमा.

पाटावरून उठताना गुडघे धरले होते. भिंतीला हात टेकून उभा राहिलो आणि मनात आलं, हे सगळं आपण आधी कुठेतरी केलंय. मग आठवलं. आठवड्यातून दोन रात्री करतो.

खेळाचं नाव 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'. कॅलिफोर्नियातल्या ब्लिझर्ड कंपनीने तो २३ नोव्हेंबर २००४ ला बाजारात आणला. वीस वर्षं उलटून गेली तरी तो संपायचं नाव घेत नाही. दर दोनेक वर्षांनी नवा विस्तार येतो, नवे राक्षस येतात आणि गेल्या वर्षी रात्री जागून मिळवलेली तलवार भंगारात जाते. मी यात पडलो २००९ मध्ये. ऑफिसने सहा महिन्यांसाठी लीड्सला पाठवलं होतं. थंडी मरणाची, दुपारी चारला अंधार, आणि घरातला माझा जोडीदार हेच खेळायचा. सहा महिन्यांनी मी पिंपरीला परत आलो, माझं पात्र मात्र युरोपच्या सर्व्हरवरच राहिलं. भारतात या खेळाचा सर्व्हरच नाही. त्यामुळे आमच्या गिल्डची (गिल्ड म्हणजे मंडळ समजा, फक्त वर्गणी नसलेलं) रेड युरोपच्या घड्याळाने रात्री आठला सुरू होते. म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडे साडेबारा. माझी बायको तेव्हा झोपलेली असते. आई जागी असते. म्हातारपणी झोप कमी, असं ती म्हणते. मला वाटतं, ती पहारा देते.

रेड म्हणजे वीस-बावीस जणांनी मिळून एका राक्षसाला मारणं. त्यात तीन जाती. टँक समोर उभा राहून मार खातो, हीलर मलमपट्टी करतो आणि उरलेले सगळे डीपीएस, ज्यांचं काम नुसतं बडवणं. मी डीपीएस. पात्र पॅलाडिन, म्हणजे देवाचं नाव घेऊन स्वतःच्या उंचीची तलवार दोन्ही हातांनी चालवणारा धर्मात्मा.

बडवणं म्हणजे बटणं दाबणं. कोणतं बटण कधी, याला रोटेशन म्हणतात, आणि खरी ग्यानबाची मेख इथेच आहे. माझ्या पॅलाडिनचे काही घाव असे, की ते मारले की 'होली पॉवर' नावाचे ठिपके जमतात. जजमेंट, ब्लेड ऑफ जस्टिस हे जमवणारे. टेम्प्लर्स व्हर्डिक्ट हा उधळ्या, तीन ठिपके खातो आणि दणका देतो. ठिपके जास्तीत जास्त पाच, सहावा मिळवायला गेलात तर सांडतो. शत्रू एकाऐवजी चार असले तर व्हर्डिक्ट सोडून डिव्हाइन स्टॉर्म. राक्षसाची तब्येत वीस टक्क्यांखाली घसरली की हॅमर ऑफ रॅथ उघडायचा. अ‍ॅव्हेंजिंग रॅथ लावलं की पाठीला सोनेरी पंख फुटतात आणि पंख असेपर्यंत सगळंच जोरात लागतं. दोन बटणांच्या मध्ये फार तर दीड सेकंदाचं सक्तीचं अंतर असतं, त्याला ग्लोबल कूलडाऊन म्हणतात. त्याच्या आधी दाबून उपयोग नाही, नंतर दाबलं तर नुकसान. पाच मिनिटांच्या लढाईत 'आता काय?' हा प्रश्न दोनशेच्या वर वेळा पडतो. संसारात तो इतक्यांदा पडायला निदान एक आठवडा लागतो.

पूर्वी असं नव्हतं म्हणे. जुनी खोडं सांगतात, सुरुवातीच्या काळात मोल्टन कोअर नावाच्या लाव्ह्याच्या गुहेत चाळीस-चाळीस जण जायचे. तिथले बरेचसे राक्षस स्वतःच आगीचे, त्यांना आगीचे मंत्र लागायचे नाहीत. म्हणून जादूगार मंडळी 'फ्रॉस्टबोल्ट' या एकाच बटणावर बोट ठेवून रात्र काढायची. वॉरलॉकची स्थिती आणखी केविलवाणी. एका राक्षसावर एका वेळी आधी आठच, पुढे सोळाच दुष्परिणाम चिकटू शकायचे आणि ते चाळीस जणांत वाटून घ्यायचे. मग वॉरलॉकला सांगण्यात यायचं, तुझे शाप तुझ्याकडेच ठेव, बाजूला उभा राहून शॅडो बोल्ट फेक. शाप देणं हाच ज्याचा धंदा, त्याला शाप द्यायला बंदी! मी आलो तेव्हा पॅलाडिनचंही सोपं होतं, जे बटण तयार झालं ते दाबायचं. २०१० मध्ये होली पॉवरचे ठिपके आले आणि माझं गणित कच्चं आहे हे जगाला कळलं.

एकदा पाण्याचा पेला हातात घेऊन आई मागे उभी राहिली. "इतकं काय ते टकटक टकटक?" म्हणाली. रेडला दहा मिनिटांची सुट्टी होती. मी तिला रोटेशन समजावून सांगितलं. ठिपके, कूलडाऊन, सांडणं, सगळं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे सकाळचा डबा."

"डबा कसा?"

"अरे, चार शेगड्या. एकीवर कुकर, एकीवर दूध, एकीवर भाजीची फोडणी, एकीवर तवा. क्रम कसला ठरवतोस त्यात? जे करपायला आलंय ते आधी बघायचं. करपत नसेल तर जे उतू चाललंय ते. दोन्ही नसेल तर पोळी लाटायची. पोळी कधीही लाटता येते."

मी गप्प झालो. या खेळाच्या जगात ज्याला 'अ‍ॅक्शन प्रायॉरिटी लिस्ट' म्हणतात आणि ज्याच्यावर शहाणीसुरती माणसं रात्रंदिवस काथ्याकूट करतात, ते तिने पेल्यातलं पाणी संपायच्या आत सांगितलं होतं. रोटेशन या शब्दाने वाटतं की एक, दोन, तीन, चार, पुन्हा एक असा फेरा असेल. तसा तो नसतो. एक यादी असते. वरून खाली वाचत यायचं, जिथली अट जुळेल ते बटण दाबायचं आणि पुढच्या वेळी पुन्हा वरपासून वाचायला लागायचं. पंख लागले आहेत का? ठिपके पाच झालेत का? व्हर्डिक्ट मार. नाही? ब्लेड तयार आहे का? काहीच नाही? मग पोळी लाट.

आईला ही यादी तिच्या सासूने शिकवली, टोमणे मारून. मला अ‍ॅडऑन लावावं लागलं.

अ‍ॅडऑन म्हणजे खेळात वरून बसवायचं छोटं सॉफ्टवेअर. ती लुआ नावाच्या भाषेत लिहितात. ही भाषा १९९३ मध्ये ब्राझीलमध्ये जन्मली आणि पोर्तुगीजमध्ये तिच्या नावाचा अर्थ चंद्र. माझ्या अ‍ॅडऑनचं नाव हेकिली, हा हवाई बेटांवरचा शब्द, अर्थ गडगडाट. चंद्राच्या भाषेत लिहिलेला गडगडाट म्हटल्यावर माणसाला वाटेल, पडदा फाडून काहीतरी बाहेर येणार. प्रत्यक्षात येतात चार-पाच चौकोन. पहिला मोठा, त्यात आत्ता दाबायच्या घावाचं चित्र आणि कोपऱ्यात किल्लीचं अक्षर. शेजारी लहान लहान चौकोन, त्यानंतर काय, त्याच्यानंतर काय. बस. भाच्याने ते बसवून दिलं आणि जाताना दीक्षामंत्र दिला, "मामा, तू बाकी काही बघू नकोस. हा चौकोन बघ. तो म्हणेल ते दाब."

मी बघायला लागलो. चौकोनात तलवार आली की २, हातोडा आला की ४, ठिणगी आली की ई. मुकाट्याने, न चुकता, गुरुजी सांगतील तसं. फरक पहिल्याच रात्री पडला. आमच्याकडे प्रत्येक लढाईचा हिशेब वॉरक्राफ्ट लॉग्ज नावाच्या ठिकाणी चढवला जातो. जगभरातल्या तुमच्याच जातीच्या लोकांशी तुलना होऊन टक्के मिळतात आणि टक्क्यांना रंग असतात. पंचविसाच्या आत राखाडी, मग हिरवा, पन्नासच्या पुढे निळा, पंचाहत्तरच्या पुढे जांभळा, पंच्याण्णवच्या पुढे नारिंगी, नव्याण्णवला गुलाबी आणि शंभराला सोनेरी. दहावीच्या निकालात नुसते आकडे असतात, इथे लाज रंगीत छापून मिळते. मी इतकी वर्षं राखाडी होतो. अधूनमधून हिरवट. चौकोन लावल्यावर तिसऱ्या आठवड्यात जांभळा झालो. गिल्डच्या म्होरक्याने सगळ्यांसमोर नाव घेतलं. मी बायकोला पहाटे उठवून पडदा दाखवला. "जांभळा छान आहे," ती म्हणाली आणि कुशीवर वळली.

आता हे गुरुजी कुठल्या पाठशाळेत शिकले, हे सांगायला हवं. सिम्युलेशनक्राफ्ट नावाचा एक प्रोग्रॅम आहे. त्यात वेगवेगळ्या याद्या घालून एकच लढाई हजारो वेळा खोटी खोटी लढवतात आणि कोणत्या यादीने जास्त मार बसतो ते बघतात. हेकिलीचं ज्ञान बहुतांशी अशाच याद्यांवरून आलेलं. यात गंमत अशी, की या खोट्या लढाईचा ठरलेला नमुना आहे पॅचवर्क. हा पॅचवर्क २००६ मध्ये आलेल्या नॅक्सरामस नावाच्या तरंगत्या किल्ल्यातला राक्षस. मेलेल्या माणसांचे तुकडे शिवून केलेला गलेलठ्ठ गोळा. त्याची ख्याती अशी, की तो काहीही करत नाही. आग ओकत नाही, उडत नाही, पिल्लं सोडत नाही. एका जागी उभा राहून समोरच्याला बुकलतो. पाच मिनिटांचा, एका जागचा, शांत, समजूतदार शत्रू. आमच्या गुरुजींनी आयुष्यभर याच एका देवाची पूजा सांगितलेली. त्यामुळे घावांचा क्रम त्यांना तोंडपाठ. घरात काय चाललंय, त्याच्याशी त्यांना देणंघेणं नाही.

आणि घरात आग लागलेली असते.

आमच्या बोलीत जमिनीवर पडलेल्या कोणत्याही घातक गोष्टीला 'आग' म्हणतात. मग ते विष असो, बर्फ असो की शेवाळ असो. 'आगीत उभं राहू नये' हा या खेळातला पहिला धडा, आणि राक्षसांनी आग टाकण्याचे हजार प्रकार काढले आहेत. चौकोनाला आग दिसत नाही. त्याला माझे ठिपके दिसतात, माझे कूलडाऊन दिसतात, शत्रू किती आहेत ते दिसतं. माझ्या बुटाला ज्वाळा लागलेल्या त्याला दिसत नाहीत. मी होरपळतोय, तब्येतीचा पट्टा पाव उरलाय, आणि गुरुजींचा सूर तोच, ब्लेड ऑफ जस्टिस वाहा. जजमेंट वाहा. आता टेम्प्लर्स व्हर्डिक्ट, सपत्नीक. मी वाहिलं आणि आडवा झालो. मेल्यावर पडदा करडा होतो. चौकोन मात्र रंगीतच होता, पुढचं चित्र तयार ठेवून वाट बघत.

हीलरने शेवटी वैतागून लिहिलं, "पॅलाडिन फार छान मार देतोय. मेला नाही तर आणखी देईल."

दुसरी भानगड कूलडाऊनची, म्हणजे एकदा वापरल्यावर बराच वेळ थांबायला लावणाऱ्या मोठ्या घावांची. अ‍ॅडऑनमध्ये एक खटका असतो. मोठी शस्त्रं सुचवू की नको, हे त्याने ठरतं. बंद असेल तर गुरुजी पंखांचा विषय काढत नाहीत. तो खटका माझ्या बोटाने कधीतरी चुकून बंद झाला. तीन आठवडे! तीन आठवडे मी अ‍ॅव्हेंजिंग रॅथ एकदाही दाबलं नाही. बटण समोर होतं. मोठं, सोनेरी, पंखांचं चित्र असलेलं, या पात्राच्या अख्ख्या आयुष्यातलं सगळ्यात जबर बटण. मला ते दिसतही होतं. पण सांगितलं नाही म्हणून दाबलं नाही. म्होरक्याने खासगीत विचारलं, तुझे पंख काही कारणाने मोडलेत का? मी म्हटलं, इंटरनेटचा घोळ आहे. युरोपचा सर्व्हर पिंपरीपासून दीडशे-दोनशे मिलिसेकंद लांब असल्याचा मला एवढाच फायदा, कुठलंही पाप केबलवर ढकलता येतं.

तिसरी गोष्ट माझ्या एकट्याची नव्हे. राक्षसाच्या बायका, भाऊबंद वगैरे मध्ये मध्ये मंत्र म्हणायला लागतात आणि तो मंत्र तोडायचा असतो. माझ्याकडे त्यासाठी 'रिब्यूक' आहे, दर पंधरा सेकंदांनी एकदा. ठरलं असं होतं की पहिला मंत्र मी तोडायचा, दुसरा पोलंडच्या एका योद्ध्याने, तिसरा तिसऱ्याने. पण चौकोन तिघांकडेही होता. पहिला मंत्र सुरू झाला, तिन्ही गुरुजी एकाच क्षणी म्हणाले 'तोडा', तिघांनी एकदम तोडला. मंत्राचा भुगा झाला. चार सेकंदांनी दुसरा मंत्र सुरू झाला तेव्हा तिघांचीही तोडायची बटणं काळी होती. एका मांडवात तीन गुरुजी आणि कोणाचं कोणाशी बोलणं नाही म्हटल्यावर दुसरं काय व्हायचं? बावीस जण मेले. मृत्यूचं कारण, आज्ञाधारकपणा.

इथे कोणी विचारेल, की सगळं सांगतच असेल तर अ‍ॅडऑन बटणं दाबत का नाही? दाबू शकत नाही. कायदा आहे. पूर्वी सूट होती. डिकर्सिव्ह नावाचं एक अ‍ॅडऑन होतं. एकच बटण दाबत राहायचं, कोणाला शाप लागलाय ते शोधणं आणि उतरवणं त्याचं ते करायचं. डिसेंबर २००६ मध्ये ब्लिझर्डने खेळाची २.० आवृत्ती आणली आणि हे बंद पाडलं. तेव्हापासून लढाई चालू असताना अ‍ॅडऑनने स्वतः मंत्र निवडायचा नाही, लक्ष्य निवडायचं नाही. बटण माणसाच्याच बोटाने दाबलं गेलं पाहिजे. तुम्ही झोपा, आम्ही तुमचं पात्र चालवतो, असं म्हणणारे ग्लायडरसारखे चोरटे प्रोग्रॅमही निघाले होते. ते प्रकरण अमेरिकेत २०१० मध्ये अपील कोर्टापर्यंत गेलं. थोडक्यात, गुरुजींनी मंत्र सांगावेत, पळी मात्र यजमानाच्याच हातात. धर्मशास्त्राचं आणि कॅलिफोर्नियाचं यावर एकमत आहे. इतक्या सगळ्या यंत्रणेत, चंद्राच्या भाषेतल्या गडगडाटापासून हजारो खोट्या पॅचवर्कांपर्यंत, माझं म्हणून जे उरलं ते उजव्या नव्हे, डाव्या हाताचं एक बोट.

तर २०२४ चा शेवट. नेरूब-आर पॅलेस नावाच्या पाताळातल्या राजवाड्यात आम्ही राणी अन्सुरेकला मारायच्या मागे होतो. आठ राक्षसांतली ही शेवटची. कितीतरी रात्री तिने आम्हाला झाडून काढलं. एका रात्री दीड वाजता आई आली, या वेळी पेला नव्हता, खुर्ची होती. ती माझ्या मागे बसली.

"ही कोण रे बाई?"

"कोण?" मी चौकोनावरून डोळे न काढता म्हटलं.

"ही काय! वर बाई आहे, खाली कोळी आहे. केवढे ते पाय. आणि रे, देखणी आहे पण."

मी एका क्षणासाठी वर बघितलं. खरंच, वर बाई होती, खाली कोळी होता. गेले दीड महिने मी तिच्या मागच्या पायांच्या आसपास उभा राहून चौकोनातली चित्रं बघत होतो. ती कशी दिसते हे मला माहीत नव्हतं. कामाच्या ठिकाणी साहेबाचं तोंड न बघता नोकरी केल्यासारखं. तेवढ्या एका क्षणात माझं ब्लेड ऑफ जस्टिस चुकलं आणि मी घाईघाईने पुन्हा खाली मान घातली.

"अरे, तुझ्या पायाखाली काहीतरी हिरवं आलंय."

मी हललो.

"आता डावीकडे. नाही नाही, तुझी डावी. बघ, त्या पोराला जाळ्यात गुंडाळला. सोडवा की त्याला कोणीतरी!"

त्या रात्री मी मेलो नाही. चौकोन सांगायचा काय दाबू, आई सांगायची कुठे उभा राहू. मध्ये मी होतो, म्हणजे बोट होतं. पहाटे तीनच्या सुमाराला राणी पडली. बावीस जण हेडफोनमध्ये सात-आठ भाषांतून ओरडले आणि आई म्हणाली, "मेली का? एवढी शोभा होती तिला." मग ती झोपायला गेली. माझा रंग त्या लढाईत निळा होता, वर बघितलं तेवढ्यापुरते टक्के गेले.

यानंतर सरकारनेच गुरुजी नेमायला घेतले. जून २०२५ च्या ११.१.७ या आवृत्तीत ब्लिझर्डने स्वतःची सोय खेळातच घातली. तिचे दोन प्रकार. एकात पुढचं बटण नुसतं उजळतं. दुसऱ्यात एकच बटण मिळतं, ते दाबत राहायचं, आत काय निघेल ते खेळ ठरवणार. फक्त या एकबटणी पूजेत प्रत्येक घावामागे किंचित जास्त थांबावं लागतं. दक्षिणा म्हणा. आमच्या गिल्डमध्ये यावरून दोन तट पडले. शुद्धाचारी म्हणाले, हा खेळाचा अपमान आहे, आता पोपटही पॅलाडिन चालवेल. हे म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या पडद्यावर हेकिलीचे चौकोन होते. मला विचाराल तर ज्यांची बोटं दुखतात, संधिवात आहे, एक हात चालत नाही, त्यांच्यासाठी ते एक बटण फार मोलाचं आहे आणि त्याबद्दल नाक मुरडणाऱ्यांनी आपलं नाक बघावं. माझ्यासारख्या धडधाकट माणसाने ते वापरलं तर तो निव्वळ आळस. मी वापरून बघितलं. लाज वाटली नाही, कंटाळा आला.

आणि मग बाहेरच्या गुरुजींना बंदी. 'मिडनाइट' हा विस्तार येणार म्हणून कंपनीने अ‍ॅडऑनांचे लढाईतले डोळेच बांधले. कूलडाऊन, शत्रूचे मंत्र ही माहिती आता अ‍ॅडऑनला बंद पाकिटात मिळते. पाकीट पडद्यावर नेऊन ठेवता येतं, फोडून वाचता येत नाही. आणि वाचताच येत नाही तर सल्ला काय देणार? हेकिलीच्या कर्त्याने सांगून टाकलं की मिडनाइटमध्ये हेकिली असणार नाही. भाच्याचा मेसेज आला, "मामा, तुझे गुरुजी गेले." सोबत हात जोडलेलं चित्र.

पहिल्या रात्री मी अक्षरशः पोरका झालो. चौकोनाच्या जागी काळी दगडी फरसबंदी दिसत होती. लढाई सुरू झाली, बावीस जण धावले आणि मी तलवार हातात धरून उभा, पाच वाजता सोडतो म्हणणाऱ्या फोनच्या वेळी होतो तसा. पंधराहून जास्त वर्षं जे पात्र चालवतोय त्याचं पुढचं बटण मला आठवेना. मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"थांबलास का?"

"काय दाबायचं ते सांगणारं गेलं."

"काय करपायला आलंय?"

मी बघितलं. ठिपके पाच झाले होते. "हे उतू चाललंय."

"मग ते आधी खर्च कर."

व्हर्डिक्ट मारलं. ब्लेड तयार झालं होतं, ते मारलं. काहीच तयार नव्हतं तेव्हा साधा घाव घातला, पोळी लाटली. पंख आठवणीने लावले, दोनदा तर लागलेले नसताना लागले आहेत असं समजून पुढचं सगळं केलं. आणि डोळे मोकळे असल्यामुळे मला पहिल्यांदाच बरंच काही दिसलं. खोलीला छत होतं. छतावर नक्षी होती. आमचा पोलंडवाला योद्धा घाव घालताना प्रत्येक वेळी उडी मारतो, विनाकारण. त्याच्या डोक्यावर भोपळ्याचं शिरस्त्राण आहे. इतकी वर्षं मी भोपळ्याशेजारी उभा होतो.

दुसऱ्या दिवशी निकाल बघितला. एकोणीस टक्के, राखाडी. आईला दाखवला. तिने चष्मा लावून रंग नीट बघितला आणि म्हणाली, पहिल्यांदा एकटीने केलेल्या पोळ्याही अशाच दिसतात.

मार्चच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळं तासभर पुढे सरकतात. म्हणजे आता आमची रेड साडेअकराला सुरू होणार. हे आईला सांगितलं तर तिला बरंच वाटलं. तिची शेवटची मालिका अकराला संपते.